पाहुण्यांचा दहावा

दार पूर्ण उघडायच्या आधी काका ओठांवर बोट ठेवत. "हळू. पाहुणे झोपलेत."

तेव्हा दुपारचे चार वाजलेले असत. बाहेर भंगारवाला ओरडत असे आणि घरात काकांशिवाय दुसरं माणूस नसे. पाहुणे म्हणजे हॉलमधल्या काचेच्या टाकीतला एक मासा. त्याला रॅस म्हणतात. हिरवागार, अंगभर गुलाबी रेघा, लग्नातल्या बँडमास्तरचा कोट घालून आल्यासारखा. समुद्रातल्या खडकांत राहणारा हा मासा रात्र झाली की वाळूत शिरून झोपतो. शहागंजच्या दुकानदारानं देताना सांगितलं होतं, "काका, ये परदेस से आया है. शुरू शुरू में उधर के टाइम पे सोएगा."

त्यातलं 'शुरू शुरू में' काकांनी ऐकलंच नाही. ते रोज चारला टाकीवरचा दिवा बंद करत. मासा वाळूत जाई. मग काका मला म्हणत, "बघ, तिकडं रात्र झाली." स्वतःही पाचला जेवून घेत. पाहुण्यांना अवघडल्यासारखं नको.

मी सिडकोतल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. आमचं गाव फुलंब्रीकडं. घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. आमच्याकडं मेंढरं आहेत, त्यामुळं जनावर कशासाठी पाळतात हे मला कळतं असं मला वाटायचं. आबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "मासा? खायला?"

"नाय आबा. बघायला."

"पिल्लं इकतेत का?"

"एकच हाय."

"मंग मालक आजारी असतील गं. जपून ऱ्हा."

काका आजारी नव्हते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नळाला पाणी येई त्या दिवशी ते गाळून, त्यात पोत्यातलं मीठ घालून बादलीत समुद्र ढवळत बसायचे. घराणं भिक्षुकांचं, स्वतः कांदासुद्धा जपून खाणारे. पण पाहुण्यांना कोलंबी लागायची. ती फ्रीजरमध्ये एका डब्यात असे आणि डब्यावर चिठ्ठी असे, 'साबुदाणा'. एका एकादशीला कामवाल्या मावशींनी तो डबा उघडला. नंतर मावशी बरेच दिवस काकांच्या देवघराकडं संशयानं बघायच्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना हसावं, तर ती इतकी मनापासून वागत असतात की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

काकू मी राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. जाताना त्यांचं एकच सांगणं होतं, एकटे राहू नका, लेकीकडं जा. लेक पुण्यात होती. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पाहुणे सोडून कसा येऊ?"

"बाबा, मासा आहे तो!"

"म्हणूनच. माणूस असता तर सांगून आलो असतो."

मग लग्नसराईत एक वरात गल्लीतून गेली. डीजेनं खिडक्या थरथरल्या, टाकीतलं पाणी थरथरलं आणि पाहुणे भर दिवसा वाळूत शिरले. दुसऱ्या दिवशी वर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. हा मासा उडी मारून बाहेर पडतो, म्हणून आम्ही सोफ्याखाली, कपाटामागं, चपलांतसुद्धा शोधलं. आठवडा उलटल्यावर दुकानदार म्हणाला, "इतने दिन? फिर तो गया, काका."

मी चाचरत म्हटलं, "वाळू उकरून बघू या का?"

"गेलेल्याला उकरून काढतात का?" काका म्हणाले. त्यांनी दाढी करणं सोडलं होतं.

दहाव्या दिवशी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. कठड्यावर केळीच्या पानावर भाताचा छोटासा पिंड ठेवला होता. पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता आणि मान वाकडी करून बघत होता. शिवत नव्हता.

काकांनी हात जोडले. "मोठी टाकी घ्यायची राहिली. चुकलं."

कावळ्यानं चोच पुसली.

"एकदा शिळी कोलंबी दिली. तेही चुकलं."

कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन चढत होतं. काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिच्या वेळीसुद्धा शिवला नव्हता. सगळं सांगून बघितलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

काय सांगायचं राहिलं होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण मोठ्या माणसांत बोलायची मला सवय नव्हती.

बऱ्याच वेळानं काका पुटपुटले, "बरं. जातो मी पुण्याला."

कावळा खाली आला आणि अख्खा पिंड उचलून घेऊन गेला.

काकांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "ये न्यायला," एवढंच म्हणाले. पलीकडून रडण्याचा आवाज आला. मग आम्ही जिना उतरून हॉलमध्ये आलो, तर टाकीत पाहुणे बँडमास्तरच्या कोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते.

काका मटकन खुर्चीत बसले.

"हे तर इथंच आहेत."

"व्हय काका."

"मग तो कुणासाठी शिवला गं?"

उठून काकांनी फ्रीजरमधला 'साबुदाणा' काढला. कोलंबी मी कापली.

लेक गाडी घेऊन आली. पाहुण्यांना पाण्याच्या पिशवीत घालून पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली होती. गाडीशी आल्यावर काका थांबले. घराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "दिलेला शब्द चुकीच्या समजुतीवर दिला असेल, तर तो मोडता येतो का? तू शिकतेस, तुला काय वाटतं?"

अशी गोष्ट मला याआधी कुणी विचारली नव्हती. मी म्हटलं, "जा काका."

पुढच्या सीटवर लेकीनं खोकं ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. काकांचा पट्ट्यावर विश्वास नव्हता. ते मागं बसले आणि पुढच्या सीटच्या दोन्ही बाजूंनी हात घालून त्यांनी खोकं धरलं. गाडी निघाली. मागून पाहणाऱ्याला वाटावं, पुढं कुणीतरी बसलंय आणि काकांनी त्या माणसाच्या खांद्यांवर हात ठेवलेत.