बाणाशिवाय सुटलेली दोरी

धनुष्य घ्यायला निघालेल्या आईने दुकानात पहिला प्रश्न काय विचारावा? मी विचारलं, "भैया, सबसे कम खतरे वाला कौन-सा है?" आमच्या हिंदी मुलखातल्या शहराच्या फ्रीगंज भागातल्या त्या खेळाच्या सामानाच्या दुकानातला माणूस आधी माझ्याकडे, मग माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीकडे बघून हसला. लेक लाजेने लाल झाली. मी नाही झाले. मी जन्माची भित्री; गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत आलेली बाई.

त्याने काचेच्या कपाटातून एक चकाकणारं, धातूचं धनुष्य काढलं. लेकीचे डोळेच दिपले. पण मैदानावर तिला तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांनी निक्षून सांगितलं होतं, "सबसे सादा लेना, मैडम, और सबसे हल्का. भारी लेंगी तो बच्ची का कंधा जाएगा." म्हणून आम्ही घेतलं ते लाकडी, तीन तुकड्यांचं: मधली मूठ आणि तिला वरखाली स्क्रूने बसणाऱ्या दोन लवचीक पात्या. मुलीची ताकद वाढली की मूठ तीच ठेवायची, पात्या तेवढ्या बदलायच्या. बाण मी हट्टाने लांबच घेतले. आखूड बाण ओढताना मुठीच्या मागे घसरला तर सरळ हातात शिरतो, असं सरांच्या तोंडून ऐकल्यापासून माझी झोप उडाली होती. हातावर बांधायचं कातडी कवच आणि बोटांसाठी कातड्याचा तुकडा, एवढं घेऊन आम्ही बाहेर पडलो. लेक म्हणाली, स्वस्तात सुटलो. मला स्वस्तापेक्षा साधेपणाची हौस होती. भाग जितके कमी, तितकं मोडणारं कमी.

सरांचा एक नियम मात्र मी लेकीला येताजाता बजावत असे. बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. बाण असला की सगळा जोर तो घेऊन जातो. नसला की तो जोर लाकडातच जिरतो, पाती आतून तडकते, आणि पुढे कधीतरी दोरी ओढून गालाशी आणलेली असताना फुटते. सरांनी स्वतःच्या गालावर ती जागा दाखवली होती. डोळ्याच्या अगदी खाली. त्यानंतर लेकीला कुशीवर झोपलेलं बघितलं तरी मला तिचा तेवढाच गाल दिसायचा.

सासऱ्यांना हा नियम कोण सांगणार? ते धनुष्याला हात लावतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांचे पूर्वज दरबारात होते खरे, पण लेखणी चालवणारे. त्यामुळे खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रं म्हणून अडकित्ता, विळी आणि अलीकडे स्कूटीचा पाना, एवढंच पाटावर मांडलं जाई. त्या वर्षी पहिल्यांदाच खरंखुरं शस्त्र आलं. सासऱ्यांनी ठेवणीतलं सोवळं नेसून नातीकडून दोरी चढवून घेतली, पात्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. तेवढ्यात 'टण्ण' असा आवाज घरभर घुमला.

मी हातातल्या झाऱ्यासकट धावले. सासरे धनुष्य उंच धरून उभे, चेहरा फुललेला.

"ऐकलास का टणत्कार, सूनबाई? पूजेतलं शस्त्र मुकं ठेवू नये."

"बाबा, बाण नव्हता लावलेला!"

"मग घरात बाण सोडू? तुझं आपलं काहीतरीच."

लेकीने पात्या उलटसुलट करून बघितल्या. "कुछ नहीं झालं, आई. तू पण ना, हद करतेस."

मैदान सणापायी बंद, सर गावी गेलेले. ते परतणार चाचणीच्याच दिवशी, आणि त्या चाचणीतून जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायच्या होत्या. चाचणीच्या सकाळी मी देवघरातला वातींचा कापूस घेतला आणि सरांना करताना बघितलं होतं तसा पात्यांवरून हलकेच फिरवला. चीर असली की कापसाचा तंतू अडकतो. खालची पाती गुळगुळीत. वरच्या पातीच्या टोकाजवळ एक तंतू अडकला. लेक म्हणाली, कुंकू वाळलंय. मी ओल्या फडक्याने पुसलं, पुन्हा कापूस फिरवला. पुन्हा अडकला.

"इतक्याशा धाग्यासाठी मी चाचणी सोडू?" लेक म्हणाली. "मैदानावरचं धनुष्य मला जड जातं, माहितीये ना तुला?" सासरे कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी पाणी मागितलं आणि पेला तसाच हातात धरून बसले.

ऐकेल ती लेक कसली! मैदानावर सर नावं नोंदवण्यात गुंतले होते. तिने सरावासाठी दोरी चढवली, बाण काढला. माझ्या अंगात कुठून आलं कोण जाणे, मी धनुष्य तिच्या हातातून ओढूनच घेतलं.

"आधी मी ओढते."

"आई, तुला येत नाही!"

"फुटायचंच असेल तर माझ्या तोंडावर फुटू दे."

मी बाण लावला आणि ओढलं. दोरी हनुवटीपाशी आली आणि माझ्या डोक्यावर कुठेतरी लाकूड बारीक करकरलं. दोरी सोडवेना आणि धरवेनाही.

"आई, नको!" लेक किंचाळली. त्या पोरीला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "सोडू नकोस. हळू परत आण, हळू." माझ्या मुठीवर हात ठेवून तिने दोरी इंच इंच करत पुढे जाऊ दिली. तिचे हात गार पडले होते.

मग मी काही बोलायच्या आत ती स्वतःच सरांकडे गेली. सरांनी पाती जराशी वाकवली, अन् चीर डोळ्यांना दिसली. "ये तो गई," ते म्हणाले, आणि तिला मैदानावरचं धनुष्य दिलं. सुरुवातीचे बाण बरे गेले. मग खांदा उतरत गेला, बाण खाली खाली पडू लागले. तिची निवड झाली नाही.

परतताना वाटेतल्या नानाखेड्यापर्यंत ती स्कूटीवर मागे बसून माझ्या पाठीत तोंड खुपसून रडत होती. नवी पाती घेऊ, पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी आईने बोलायला हवं होतं. पण मला पाठीवरचा ब्लाउज ओला होत चालल्याचं तेवढं कळत होतं. पोर दोन्ही शाबूत डोळ्यांनी रडत होती. मी स्कूटी मुद्दाम हळू चालवली.