मोठं माणूस कोन हाय घरात?

कोणाच्याही घरात शिरली की मावशी आधी पाणी मागायची. तांब्यातलं घोटभर प्यायची, पदरानं ओठ टिपायची आणि विचारायची, "मोठं माणूस कोन हाय घरात? पाया पडते."

मग म्हातारी असेल तिथं ती जायची. मागच्या खोलीत, न्हाणीशेजारच्या अंधारात, कधी गोठ्याला लागून टाकलेल्या बाजेपाशी. वाकून दोन्ही हात पायांवर ठेवायची. पाहणाऱ्याला वाटायचं, काय भाविक बाई आहे! पुढं पुढं तर ती स्वतःपेक्षा लहान बायांच्याही पाया पडायला लागली, त्या बिचाऱ्या ओशाळून जायच्या. मावशीचे हात मात्र तिथं टाचा चाचपत असायचे.

खामगावला आमच्या गल्लीत मुलीसाठी स्थळ पाहायला जायचं म्हणजे दोन गोष्टी ठरलेल्या. गाडी माझी, आणि पुढच्या सीटवर ही सगळ्या गल्लीची मावशी. मी काळीपिवळी चालवतो, त्यामुळं सोयरिकी जमतानाही पाहिल्या आणि मोडतानाही. मुलीचा बाप शेती विचारायचा, मामा नोकरी विचारायचा, मावशी पाया पडायची. निकाल ती त्या घरात कधीच द्यायची नाही. गाडी गावाबाहेर निघाली, शेवटचं घर मागं पडलं, की समोर पाहतच म्हणायची, "द्या पोरगी." नाहीतर, "देऊ नोका." जिथं द्यायची नाही तिथला चहाही ती पीत नसे. कप तसाच राहिला, की मी ओळखायचो.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, आणि तुम्हालाही तिचा माझ्यासारखा राग आला असेल. पोराच्या बापानं श्रीखंड-पुरी वाढलेली, दारात नवी मोटारसायकल, आणि ही बाई टाचांवरून स्थळ मोडते! एकदा मी चिडून विचारलंच, "मावशी, म्हातारीच्या टाचेत असं काय ठेवलं हाय?"

"त्याच्यातच तं सगळं ठेवलं हाय, बाप्पा," ती म्हणाली. "नव्या पोरीले सगळेच डोक्यावर घेतीन. ते उद्या कामाची नाही राह्यली, बसून राह्यली, मंग तिचं काय होईन? ते म्हातारीपाशी समजते."

आधी ती नखं पाहायची. एका घरात म्हातारीची नखं अशी स्वच्छ कापलेली, की मावशी गाडीत बसल्या बसल्या खूश होती. पोरगी दिली. ती मार खाऊन माहेरी परत आली, तेव्हा कळलं की मावशीची कीर्ती त्या घरापर्यंत आधीच पोचली होती, आणि नखं त्याच दिवशी सकाळी कापली होती. मावशी त्या पोरीच्या आईजवळ बसून ढसाढसा रडली. "माह्या तोंडानं गेली वं पोरगी," एवढंच म्हणत राहिली. तेव्हापासून नखं सुटली आणि टाचा आल्या. फुटलेली टाच काही एका सकाळीत नीट होत नाही.

माझ्या बहिणीला रोहिणखेडचं स्थळ आलं होतं. मावशीचं घर माळ्याचं, आमचं बौद्धाचं, पण माझ्या आईनं सख्ख्या आत्याच्या आधी मावशीला सांगावा धाडला. मावशीनं त्या घरी दारातूनच जय भीम केला, पाणी प्यायली आणि मागच्या खोलीत गेली. तिथल्या आजीच्या पायांना चांगलं तेल लावलेलं होतं.

"कोन लावते, माय?"

"हा नातू लावते. नोको म्हटलं तरी आयकत नाही मेला. सारी चादर तेलकट करून ठेवली," म्हणत आजीनं त्याला शिव्याच घातल्या.

त्याच नातवाला बहीण दिली. येताना मावशी गाडीत हसत होती. म्हणाली, "शिव्या देनारी म्हातारी चांगली. जी म्हातारी पाय लुगड्यात ओढून घेते ना, अन् न इचारता सांगते का माह्यं लय करतात, तिथून उठावं. ते घराची अब्रू झाकून राह्यली असते." बहीण आजही सुखात आहे. मेहुणा आला की माझ्या आईच्याही पायाला तेल लावायला बसतो आणि आई लाजून पळते.

मावशीला स्वतःला मुलगी नव्हती. एकच मुलगा, पुण्याला कंपनीत. नवरा गेल्यावर ती एकटीच राहायची, आणि हळूहळू तिचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत मीठ दोनदा, मग नवऱ्याच्या नावानं जेवायची हाक. एक दिवस ती स्टँडवर आली आणि माझ्या गाडीत पुढं बसली.

"चाल, उशीर होऊन राह्यला. लोकं वाट पाहून राह्यले असतीन."

कुठले लोक, कसली वाट! मी बाजार समितीपर्यंत एक चक्कर मारून तिला घरी सोडलं. उतरताना ती समाधानानं म्हणाली, "द्या पोरगी." मग ते रोजचंच झालं. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, "लागलं का बे लग्न?" मी हसायचो. खरं सांगतो, त्या चकरांचा मला कधी कंटाळा आला नाही.

मुलानं तिला पुण्याला नेऊन पाहिलं. तिथं ती बिल्डिंगमधल्या एकेका फ्लॅटची बेल वाजवून घरातल्या मोठ्या माणसाची चौकशी करायची. सोसायटीनं तक्रार केली. सून नोकरीवर, मुलगा नोकरीवर. बाहेरून कुलूप लावून गेले, तर मावशीनं दार वाजवून वाजवून हात सुजवून घेतले. परत खामगावला आणली, सांभाळायला बाई ठेवली, ती टिकली नाही. दुसरीही टिकली नाही. बायांना दोष देऊन उपयोग नाही, मावशी त्यांनाच घराबाहेर काढायची.

एकदा मी भाडं घेऊन गेलेलो असताना ती दुसऱ्याच गाडीत बसली आणि सोनाळ्याला उतरली. एका घरात शिरली ती थेट आतल्या खोलीत. तिथं बाळंतीण झोपली होती, शेजारी लेकरू. हल्ली मोबाइलवर काय काय फिरतं तुम्हाला माहीत आहे. पोरं पळवणारी आली, अशी ओरड झाली. माणसं जमली, कोणीतरी ढकललं, मावशी उंबऱ्यावर पडली. आमच्या गल्लीतली एक पोरगी त्याच गावात दिलेली आहे, ती गर्दीत घुसून मावशीच्या अंगावर आडवी झाली म्हणून मावशी वाचली. मी आणायला गेलो तेव्हा मावशीच्या कपाळाला हळद दाबलेली होती. गाव मागं पडल्यावर म्हणाली, "लय वंगाळ लोकं. पानी बी नाही देलं. देऊ नोका."

त्यानंतर मुलगा रजा टाकून आला आणि त्यानं फोन लावायला सुरुवात केली. मी त्याच्याजवळ बसून ऐकत होतो. बहुतेक वृद्धाश्रमांचं एकच म्हणणं, चालतंफिरतं, स्वतःचं स्वतः करणारं माणूस घेतो, विसरलेलं घेत नाही. नागपूरचं एक चांगलं होतं, ते त्याच्या पगाराच्या बाहेर. आपल्याच जिल्ह्यात एका ठिकाणी हो म्हणाले. गाडी अर्थात माझीच, आणि पुढच्या सीटवर मावशी. चांगलं लुगडं नेसली होती, खूश होती. स्थळ पाहायला जायचं होतं ना!

चांगला वृद्धाश्रम कसा ओळखावा, हे मुलानं मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. तो एकेक विचारत होता. रात्री नर्स असते का? डॉक्टर केव्हा येतात? घसरू नये म्हणून न्हाणीत काय केलंय? तिथला मॅनेजर भराभर उत्तरं देत होता, फरशी दाखवत होता, पाण्याचं मशीन दाखवत होता, कॅमेऱ्यात काय दिसतं ते मोबाइलवर दाखवत होता. मावशीनं पाणी मागितलं, घोटभर प्यायली, ओठ टिपले.

"मोठं माणूस कोन हाय घरात? पाया पडते."

मॅनेजर हसला. "इथं सगळेच मोठे आहेत, आजी."

मग मावशी बायकांच्या खोलीत गेली आणि ओळीनं एकेका खाटेपाशी वाकायला लागली. "पाहा, किती संस्कार आहेत," मॅनेजर मुलाला म्हणाला. मी तिच्या मागं होतो. नखं सगळ्यांची कापलेली होती. टाचा पाहवत नव्हत्या. एकीच्या टाचेला पडून पडून झालेली जखम, तिच्यावर ओला मोजा. एकीच्या दोन्ही घोट्यांना पट्टीनं बांधल्याचा वळ. मावशीनं त्या वळावरून अंगठा फिरवला. ती म्हातारी घाईनं पाय चादरीत ओढून घेत म्हणाली, "लय करतात हो माह्यं."

मावशी उठली. चहा आला होता, तिनं घेतला नाही. सरळ बाहेर जाऊन गाडीत पुढं बसली.

मी मुलाला बाजूला घेतलं. "दादा, पाह्यलं का तुम्ही?"

"पाहिलं, भाऊ," तो म्हणाला. मला वाटलं होतं, तो मोबाइलमध्येच होता. "दोन्ही पाहिलं. टाच पण, घोटा पण. आता तुम्ही सांगा, कुठं नेऊ तिला? सोनाळ्याला जीवच गेला असता तिचा."

मला इतका राग आला होता, की कोणाची तरी गचांडी धरावी, पण धरू कोणाची? त्या पोराची तर धरवत नव्हती, तो माझ्यासमोर उभा राहून रडत होता.

मी गाडीशी गेलो. मावशी समोर पाहत बसली होती. गाडी सुरू होईना, गाव मागं पडेना. "चाल ना. काऊन थांबला?" ती म्हणाली. थोडा वेळ तिनं वाट पाहिली, मग माझ्याकडं वळून हळूच, तिनं आयुष्यात पहिल्यांदा दारातल्या दारात निकाल दिला.

"पोरगी देऊ नोका इथं."

मागं मुलगा येऊन उभा होता. मला मान वर करवेना.

"पोरगी कोनाची हाय?" तिनं विचारलं.

"आपलीच हाय, मावशी."

"मंग तं मुळीच देऊ नोका, बाप्पा."

मुलगा गाडीच्या दाराशी आला. वाकला आणि तिच्या पायांवर डोकं टेकवलं. कोणी पाया पडलं की मावशी बसून राहत नसे, उठून पाठीवरून हात फिरवायची. तशी ती उठली, खाली उतरली, "सुखी राहा, माह्या राजा," म्हणाली. त्यानं तिचा हात धरला आणि आत नेलं. माझी पुढची सीट त्या दिवशी खामगावपर्यंत रिकामी आली. मागं तो होता, त्यालाही पुढं बसवेना.

त्यानंतर तिकडचं भाडं मी घेत नव्हतो. परवा घ्यावं लागलं, गाडी त्याच रस्त्यानं गेली, आणि मी आत गेलो. तिचे केस बारीक कापलेले होते, अंगात गाऊन. खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "मावशी, पाया पडतो," आणि वाकलो.

तिनं झटकन पाय ओढून घेतले. गाऊन पुरेना, तर चादर ओढून वरून घेतली, कडेनं नीट दाबली. मग माझ्याकडं निरखून पाहत म्हणाली, "पोरीवाले का?"

"हाव," मी म्हणालो.

"घर चांगलं हाय," मावशी म्हणाली. "लय करतात हो माह्यं."

मी काहीच विचारलं नव्हतं.