मागच्या सीटवरची झोप

आमच्या लालबागच्या मेकॅनिकची एक पद्धत आहे. काम संपलं की तो गाडी स्वतः चालवून बघत नाही. मालकाला चालवायला लावतो आणि आपण मागच्या सीटवर डोळे मिटून बसतो. झोप लागली तर काम फत्ते, नाहीतर गाडी परत गॅरेजमध्ये.

यंदा माझ्या छोट्या गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मुलगा मेकॅनिकसमोरच म्हणाला, "आई, तुझ्या हातातलं बळ गेलं. विकूया गाडी."

"दादा, तुम्ही फिरवा बरं," मेकॅनिक म्हणाला. दादांचा चेहरा लालबुंद झाला, स्टिअरिंग जेमतेम हललं.

"बघा. स्टिअरिंगला जोर देणारी आतली मोटर मेलीय. तिच्यासकट चाकं वळवणारा अख्खा रॅक बदलायचा. मावशींना नाय बदलायचं."

नवा रॅक बसल्यावर मुलाने किल्लीसाठी हात पुढे केला. मेकॅनिकने ती माझ्या हातात ठेवली आणि मागे जाऊन बसला.

तरुणपणी मी वळताना स्वतःही खिडकीकडे कलायचे, जणू माझ्या वजनानेच गाडी वळणार होती! आता परळच्या नाक्यावर एका हाताने वळले. शेजारी मुलगा वरचं हँडल घट्ट धरून बसला होता. मागून मात्र घोरणं ऐकू आलं.