नलिनीताईंचे मूठभर मोहोळ

किस्से साठायचे तर माणसांच्या हातांना काही काळ काम नसावे लागते, असा लोकसाहित्याच्या अभ्यासातला माझा अनुभव आहे. मधमाश्या पाळणाऱ्यांना ही सक्तीची फुरसत हिवाळा देतो. थंडीत पेटीचे झाकण उघडायचे नाही. उघडले की आतली ऊब गेली, आणि उबेबरोबर माश्याही. मग आत काय चालले असेल यावर बाहेर बोलत बसायचे! कॉव्हेंट्रीत आमच्या गल्लीत हे बोलणे नलिनीताईंच्या स्वयंपाकघरात चालते. त्या निवृत्त भूलतज्ज्ञ. त्यांचे यजमान वसंतराव छातीच्या विकारांचे डॉक्टर. आणि शेजारचे आर्थर, ज्यांच्या घराण्यात माश्या आजोबांपासून आहेत.

गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता एक मूठभर थवा नलिनीताईंच्या परसातल्या सफरचंदावर येऊन बसला. त्यांनी त्याला पेटी दिली. आर्थरनी पाहून मान हलवली.

"एवढ्याशा माश्या एकमेकींना ऊब पुरवू शकणार नाहीत. माझ्या पेटीत मिसळून टाकू."

मिसळायचे तर दोन राण्यांपैकी एक मारावी लागते. नलिनीताई म्हणाल्या, "आर्थर, पेशंट उठणार की नाही, हे आम्ही भूल देण्याआधी ठरवत नाही!"

"फेब्रुवारी बघणार नाहीत त्या," आर्थर म्हणाले. पुढचा सगळा हिवाळा या एका वाक्याच्या सावलीत गेला.

*

थंडीची शिदोरी म्हणून माश्यांना शरदात साखरेचे दाट पाणी देतात. ते काम वसंतरावांनी हौसेने अंगावर घेतले. 'शुगर सिरप' म्हणजे पाक, असे भाषांतर त्यांच्या मनात झाले, आणि शब्दामागोमाग सगळी संस्कृतीही पातेल्यात उतरली. एकतारी पाक, त्यात वेलदोडा, वर केशराच्या काड्या!

नलिनीताईंनी डोकावून पाहिले. "अहो, माश्या आहेत त्या, व्याही नव्हेत!"

त्या पाकात आम्ही गुलाबजाम खाल्ले. माश्यांना साधे साखरपाणी मिळाले.

*

पहिले दहिवर गोठले त्या सकाळी वसंतरावांनी आईच्या हातची गोधडी पेटीला चहूबाजूंनी गुंडाळली. आर्थरनी ती तितक्याच आदराने सोडवली.

"थंडीने माश्या मरत नाहीत, ओलीने मरतात. त्यांच्या श्वासाची वाफ गार झाकणाला लागते आणि त्यांच्याच अंगावर ठिबकते. ही घडी करून वर, छपराखाली ठेवा. बाजूंनी भिजेल."

"म्हणजे माया वरून असावी, चहूबाजूंनी नको," वसंतरावांनी सार काढले.

त्यांची कन्या केतकी जन्माने इथलीच, बर्मिंगहॅमला इंजिनिअर; मराठीतले तो-ती-ते तिला अजून चकवते. ती म्हणाली, "बाबा, मी टीनएजर होती तेव्हा हा पॉइंट कुणी आईला का नाही सांगितली?"

*

पेटी एका बाजूने बोटभर उचलायची आणि हाताला लागणाऱ्या वजनावरून आतल्या अन्नाचा अंदाज घ्यायचा, ही जुनी रीत. डिसेंबरात नवरा-बायको दोघे लीड्सला लग्नाला गेले, तेव्हा हे काम केतकीकडे आले. ऐन पंगतीत तिचा फोन.

"बाबा, मी पोळी उचलली. खूप हलका आहे!"

"अगं, मग दोन खा!"

नलिनीताईंनी फोन हिसकावून घेतला. "पोळी नाही हो, पोळं! केतकी, कपाटात फाँडंटचा गोळा आहे, साखरेचा. आत्ताच्या आत्ता छपराखाली, झाकणाच्या भोकावर ठेव!"

व्याकरण चुकले, पण उपासमार टळली.

*

घरातली मोठी बातमी आधी माश्यांना सांगावी, नाहीतर त्या रुसून निघून जातात, ही इथली जुनी समजूत. आपल्याकडेही पहिली अक्षत देवापुढे ठेवतात. मान आधी कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. केतकीने घर घेतले तेव्हा आर्थरनी आठवण करून दिली.

"सांगायचं कोणत्या भाषेत?" वसंतरावांचा प्रश्न.

"आल्या तुमच्या परसात. ते तुम्ही ठरवा."

नलिनीताईंनी पेटीजवळ वाकून मराठीत सांगितले. ही हकीकत व्हिडिओ कॉलवर पुण्याला पोचली, आणि वसंतरावांच्या बहिणीचा पारा चढला. "म्हणजे माश्यांना आधी, आणि सख्ख्या आत्याला नंतर?"

"तू रुसलीस तरी उडून जात नाहीस ना!" वसंतराव म्हणाले.

*

जानेवारीत थंडीने कहर केला. माश्या हिवाळ्यात झोपत नाहीत. राणीभोवती गोळा होऊन अंग थरथरवतात आणि त्या थरथरीतून ऊब करतात. थरथरीची गुणगुण बाहेरून कान लावला तर ऐकू येते. वसंतरावांनी पेटीला स्टेथोस्कोप लावला आणि सवयीने म्हणाले, "टेक अ डीप ब्रेथ!"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी जागा बदलली, पुन्हा ऐकले.

"नलू, काही ऐकू येत नाही गं. उघडून बघू या?"

"नाही."

"अगं, पण गेल्या असतील तर?"

"गेल्या असतील तर उघडून परत येणार नाहीत. असतील तर उघडल्याने जातील." त्यांनी छपरावरचा बर्फ हाताने झाडला आणि त्या आत निघून गेल्या. हाताला आलेले काम न करणे, हेही कौशल्य असते. ते मी त्या सकाळी पाहिले.

*

मधमाश्या स्वच्छतेच्या बाबतीत कर्मठ. हिवाळाभर त्या पेटीत घाण करत नाहीत. पोटात धरून ठेवतात, आणि पहिल्या उबदार दुपारी बाहेर येऊन एकदम मोकळ्या होतात. ते पिवळे शिंतोडे ज्यावर पडतील त्यावर पडतील.

फेब्रुवारीतली तशी एक दुपार. सूर्य वर आलेला. आर्थर नुकतीच धुतलेली पांढरी मोटार पुसत होते. त्यांच्या स्वतःच्या पेट्या गावाबाहेर, मळ्यावर. अचानक त्यांनी हाक मारली. नलिनीताई धावत गेल्या, मागून आम्ही. मोटारीच्या टपावर, काचेवर, सगळीकडे पिवळे ठिपके!

"अय्या! सॉरी हं आर्थर," म्हणत नलिनीताईंनी फडके ओले केले.

आर्थरनी त्यांचा हात धरला.

"राहू दे. आज संध्याकाळी आमच्या मधपाळांची सभा आहे. मी याच गाडीतून जाणार."