बिनशेपटीच्या फायलीतला हत्ती

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. आजचं काम: घरातली हत्यारं पुसून पूजेला मांडणं. विळी, कुऱ्हाड, शिलाई मशीन, माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर, नवा लॅपटॉप आणि भंगारात निघालेला जुना सीपीयू. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता, पण खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय घरातलं लोखंड बाहेर काढायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. त्या कायद्यानंच पुढं लाज राखली.

मी पाट मांडत होते तेवढ्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, बुद्धिबळाचा पट घेऊन आले. त्यांनी हत्ती, घोडे, उंट, दोन्ही राजे उचलले, ओल्या फडक्यानं पुसले आणि विळीशेजारी रांगेत उभे केले.

"मामंजी, डाव चालू होता ना?"

"सैन्य हाय ते. त्याला पूजा नको? डाव कुठं पळतोय, काँप्युटरात हाय समदा."

डाव जळकोटच्या काकांशी. दोघं इथं लोहाऱ्याच्या तहसील कचेरीत शेजारी-शेजारी बसून निवृत्त झाले. समोरासमोर खेळणं त्यांनी केव्हाच सोडलंय, कारण एक जण चहाला उठला की दुसरा प्यादं सरकवतो, असं दोघांचंही ठाम म्हणणं. म्हणून ई-मेल. एक चाल, एक मेल. लेखी असलं की कुणाला शब्द फिरवता येत नाही. काकांची चाल आली की ती 'डाव' नावाच्या फोल्डरात टाकायची, आपल्या चालीची प्रतही तिथंच. मेलच्या प्रोग्राममधून मेल आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचे आणि मेल कंपनीकडचे पुसून टाकायचे, अशी सोय मामंजींनी आधीच करून घेतलेली. परक्याच्या कपाटात आपले कागद त्यांना चालत नाहीत.

ठरलेलं असं, की यंदा जो हरेल त्यानं दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन जिंकणाऱ्याच्या दारात यायचं. दरवर्षी मामंजीच जीपला लोंबकळत जळकोटला जातात. यंदा मात्र त्यांचा हत्ती नेमक्या जागी पोचला होता आणि एका चालीत मात होती. ती चाल दसऱ्याच्या सकाळी पाठवायची, असा त्यांचा बेत. घरभर गुणगुणत फिरत होते.

कुंकू लावायच्या आधी डाव एकदा डोळे भरून बघावा म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला. 'डाव' नव्हतंच. मामंजी पूजेच्या पाटावरच बसले.

जुन्या मशीनवरचं सगळं लॅपटॉपवर आणायचं काम माझ्या नवऱ्यानं केलं होतं. मी दुकानात अडकलेली.

"तुम्ही आणलंत काय काय?" मी विचारलं.

"निवडून आणलंय. एकेका नावाच्या दोन-दोन फायली होत्या. एकीच्या नावाला टिंब देऊन शेपटी, दुसरी बिनशेपटीची. शेपटीवाल्या तेवढ्या आणल्या."

"आणि दुसऱ्या?"

"त्या लई जड होत्या. उघडायच्या कशात तेबी कळंना. म्हटलं कचरा असंल."

मी जुन्या सीपीयूची वायर शोधायला वळले, तर सासूबाई त्याला कुंकू लावून मोकळ्या झाल्या होत्या. वर झेंडूचा हार.

"हात लावू नगंस. पुजलेलं हत्यार उद्याच उचलायचं."

"आई, पाच मिनिटांचं काम आहे."

"मग उद्या पाच मिनिटांत कर."

मामंजींनी घाबरून माझ्या फोनच्या स्पीकरवर काकांना फोन लावला, ही खरी चूक. काकांचा आवाज आनंदानं फाटला. ते आधी कानडीत काहीतरी बोलले, मग माझ्याशी. "सूनबाई, काळजी कशाला? मी सांगतो की डाव. घे लिहून. माझा वजीर मधल्या घरात..."

"काका, तुमचा वजीर श्रावणातच मेलाय. त्या दिवशी आम्ही पेढे खाल्ले."

"कुणाच्या फोल्डरात मेलाय? माझ्यात तर जिता हाय."

मी फोन ठेवला आणि त्याच फोनवर शोधायला बसले. फोनला कुंकू लागलेलं नव्हतं. थोड्या वेळात उलगडा झाला. हा मेलचा प्रोग्राम एक अख्खं फोल्डर एकाच फायलीत ठेवतो, पत्राखाली पत्र, पत्राखाली पत्र. त्या फायलीला शेपटी नसते. प्रोग्राम सुरू होताना आपल्या जागेत डोकावतो, तशी फाईल दिसली की तिच्या नावाचं फोल्डर दाखवतो. शेपटीवाली फाईल ही नुसती अनुक्रमणिका. ती हरवली तर प्रोग्राम नवी करून घेतो.

"म्हणजे तुम्ही पुस्तक टाकून अनुक्रमणिका आणलीत," मी नवऱ्याला सांगितलं.

"पण सुटसुटीत होती," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. मग सासूबाईंना. मामंजी रागावून बघत होते, पण त्यांच्या हातात कुंकू लावलेला काळा घोडा होता, आणि त्याच्याकडं लक्ष गेल्यावर तेही फुटले. आरती म्हणताना तीनदा थांबावं लागलं. तिन्हीसांजेला गल्लीत भंगारवाल्याची हाळी आली, तर मामंजी धावत जाऊन सीपीयूपुढं हात पसरून उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "लग्नात बी एवढी राखण केली न्हाय माझी."

दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलली. जुनं मशीन लावलं, बिनशेपटीचा 'डाव' पेन ड्राइव्हवर घेतला, लॅपटॉपवरचा प्रोग्राम बंद ठेवून फाईल त्याच्या मशीनवरच्या फोल्डरांच्या जागी टाकली, तिथली अनुक्रमणिका पुसली आणि प्रोग्राम उघडला. डावीकडं 'डाव' हजर. मी पहिल्या मेलपासून चाली वाचत गेले, मामंजी पटावर मांडत गेले. सोंगट्यांचं कुंकू त्यांच्या बोटांना, बोटांचं कपाळाला. काकांचा वजीर श्रावणात रीतसर मेला. हत्ती होता तिथंच होता.

मामंजींनी चाल सांगितली, मी टाईप केली, खाली 'मात' लिहिलं आणि त्यांच्याच बोटानं पाठवलं. मग फायलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून तो नवऱ्याच्या हाताला लागणार नाही अशा डब्यात टाकला, आणि पुरणासाठी एका माणसाची डाळ वाढवून कुकर लावला.