आज किती हाय?

सकाळी साडेआठला मी तापमापीच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडायचो, तेव्हा तारेच्या कुंपणाबाहेर बशीरभाई सायकल धरून उभे असायचे. सलाम नाही, नमस्कार नाही. एकच प्रश्न : "साहेब, आज किती हाय?"

मी किमान तापमान सांगायचो. बारा अंशांच्या वर आकडा असला की ते मान हलवून निघून जायचे. बारा किंवा कमी असला की म्हणायचे, "मंग आज मस्का काढतो." चंद्रपूरला असे दिवस वर्षात फार नसतात. माझी बदली इथे झाली त्या पहिल्या हिवाळ्यात मी मोजले. सव्वीस भरले.

बशीरभाईंची बेकरी आमच्या हवामान केंद्राच्या मागच्या गल्लीत होती. लाकडाची भट्टी, टोस्ट, नानकटाई, आणि डालड्याची खारी. तरुणपणी त्यांनी अकरा वर्षं मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात काढली होती. तिथल्या उस्तादाने त्यांना एक खास पदार्थ शिकवला. मस्क्याच्या खारीची वाटीएवढी डबी करायची, तिला खारीचंच झाकण, आणि आत दूध-सायीच्या दाट रश्शातले झिंगे. तिचं मूळ नाव फ्रेंच आहे. बशीरभाई 'वलवा' म्हणत. मुंबईत तिच्यात समुद्राची कोळंबी घालत. इथे ते तलावाचे झिंगे घालत. मासे विकणारी ढिवरीण टोपलीतून आणायची, आणि बशीरभाई एकेका झिंग्याच्या पाठीतला काळा दोरा सुईने काढायचे.

"हजार पदर असते याले," ते पहिल्यांदा मला म्हणाले. मी घडी कशी घालता ते विचारलं. तीन पदरी घडी, सहा वेळा. मी कागदावर गुणाकार केला आणि म्हणालो, "हजार नाही होत बशीरभाई. सातशे एकोणतीस."

"मंग बाकीचे दोनशे एकाहत्तर उस्तादनं खाल्ले असन," ते म्हणाले. वजाबाकी त्यांनी मनातल्या मनात केली होती. त्या दिवसापासून आमचं जमलं.

आकडा विचारण्याचं कारण मला वर्षभराने कळलं. मस्का फार गार असला तर लाटताना तुटतो, सैल झाला तर पिठात मुरतो. दोन्हीकडून पदर जातात. कारागीर हे अंगठा दाबून ओळखतो. पण चाळीस वर्षं भट्टीत हात घालून बशीरभाईंच्या बोटांची टोकं भाजून भाजून निबर झाली होती. मी गरम चहाचा पेला कडेने धरायचो, ते पंजात धरायचे.

"अंगूठा आता खोटं बोलते, साहेब," ते म्हणाले. "तुमची काच नाई बोलत." मी त्यांना खात्यातून बाद झालेली एक तापमापी देऊ केली. त्यांनी घेतली नाही. चष्मा लावूनही तिच्यावरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या. "तुम्ही वाचा. मी आयकतो."

त्यांच्या बायकोला, शमीमबाईंना, हा उद्योग मुळीच मान्य नव्हता. भट्टीचा घुमट एका अंगाने खचला होता आणि तशी भट्टी बांधणारा मिस्त्री आता हयात नव्हता. त्यात नागपूरहून पाकिटातली खारी येऊ लागली होती. "भट्टीच्या ईटा ढासळून राह्यल्या," शमीमबाई माझ्यादेखत म्हणायच्या, "अन् हे झिंग्याले मखमलची गादी करून राह्यले. झिंगा काय जावई हाय काय?"

बशीरभाई हसायचे. "जावई असता तं डालडा वापरला असता."

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मोहर्लीकडे वाघ बघायला येणाऱ्यांसाठी एक नवं लॉज उघडलं. मालक नागपूरचा. त्याने थंडीत एकदा ही डबी खाल्ली आणि बशीरभाईंना म्हणाला, "चाचा, मे महिन्यात माझे खास पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर हेच गरमागरम करा. जमलं, तर किचन तुमचं."

भट्टी कधीही बसणार होती आणि बशीरभाई अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्या वयात दुसऱ्या बेकरीत टोस्ट भाजायला कोण ठेवणार? किचन मिळालं तर म्हातारपण निघालं असतं, नाही तर नाही. इतकं ते सरळ होतं. अडचण फक्त महिन्याची होती. जंगल सुकतं, वाघ पाण्यावर येतो, म्हणून पाहुणे मे महिन्यात येतात. आणि मे महिन्यात आमचा दुपारचा पारा पंचेचाळीसच्या खाली क्वचितच उतरतो.

पाहुणे येणार त्या दिवशी मी रजा काढली. पहाटे किमान तापमान एकतीस होतं. बशीरभाई म्हणाले, "वर एकतीस. खाली किती असन?" बेकरीमागे जुनी विहीर होती. तिला पाण्याजवळ दगडी ओटा होता. मी तापमापी घेऊन पायऱ्या उतरलो. साडेचोवीस. त्यांनी तिथे फरशी उतरवली, खाली बर्फ पसरला, आणि त्या ओट्यावर उकिडवे बसून मस्का लाटला. प्रत्येक घडीनंतर गोळा डब्यात घालून बर्फाच्या पाण्यात सोडायचा, वीस मिनिटं थांबायचं, मी आकडा सांगायचा. सहा घड्या. वरून शमीमबाई ओरडल्या, "जिवंत हाव का दोघंही?"

"आमचं सोडा," बशीरभाई वर बघून म्हणाले. "मस्का जिवंत हाय."

तसं लाटलेलं पीठ मी आयुष्यात पाहिलं नाही. कडेने कापल्यावर पदर वहीच्या पानांसारखे वेगळे दिसत होते. गोळा बर्फाच्या पेटीत ठेवला, झिंगे वेगळ्या डब्यात. पेटीत तापमापी खोचली. निघताना बारा.

लॉजच्या जीपमध्ये आम्ही बसलो. मोहर्लीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या डबक्यात वाघीण बसली होती. पुढे अकरा गाड्या, मागे किती ते दिसत नव्हतं. ना पुढे जाता येत होतं, ना मागे. लोक टपांवर चढून फोटो काढत होते. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "नशीबवान आहात चाचा, लोक चार-चार दिवस हिंडतात, दिसत नाही."

बशीरभाईंनी वाघिणीकडे एकदाही पाहिलं नाही. दर दहा मिनिटांनी विचारत होते. "किती हाय?" चौदा. "आता?" सोळा. मग बर्फाचं पाणी पेटीच्या फटीतून माझ्या चपलेवर टपकू लागलं. वाघीण उठली तेव्हा पंचाहत्तर मिनिटं झाली होती. त्यांनी पुन्हा विचारलं. मी झाकण उघडून पाहिलं. पंचवीस.

त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता आणि दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. मी म्हणालो, "सोळाच आहे."

का म्हणालो, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. गाडीत तर काही करता येणार नव्हतं, मग त्या माणसाला उगाच कशाला जाळा, इतकाच विचार होता. लॉजवर पोचल्यावर खरं सांगू, असंही वाटलं होतं.

लॉजवर पाहुणे टेबलाशी बसलेच होते. किचनमध्ये मोठा फ्रीज होता. बशीरभाईंनी फ्रीजकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सोळाच ना? नाईतं तासभर यात ठेवतो." मालक दारात घड्याळ बघत उभा होता. मी मान हलवली. होकाराची.

त्यांनी डब्या कापल्या आणि ओव्हनमध्ये घातल्या. पाच मिनिटांत काचेआड ट्रेमध्ये मस्का वाहू लागला आणि मग धूर झाला. डब्या एका अंगाला कलंडल्या, फुगल्याच नाहीत. बशीरभाई ओव्हनसमोर वाकून बघत होते. "पदर रडले," एवढंच म्हणाले.

झिंगे पाहुण्यांनी पावाबरोबर खाल्ले आणि फार नावाजले. मालकाने बशीरभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या आठवड्यात लॉजच्या किचनमध्ये नागपूरहून तंदूरवाला आला.

परतताना जीपमध्ये बशीरभाई आपले तळवे बघत होते. "सोळाचा मस्का रडत नाई, साहेब. आकडा बराबर होता. हात गेला माझा." मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो.

ते पुन्हा कुंपणाशी आले नाहीत. त्या डिसेंबरात एका सकाळी सात पूर्णांक आठ अंश तापमान नोंदलं गेलं, माझ्या तिथल्या वर्षांतलं सगळ्यात कमी. मी स्वतः बेकरीत गेलो. भट्टी बसली होती. बशीरभाई फळीवर पाकिटातली खारी मांडत होते. मी आकडा सांगितला. "असू द्या," ते म्हणाले. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. पेटीत पंचवीस होतं, मी खोटं बोललो, तुमचा हात गेलेला नाही.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझा हात आपल्या निबर पंजात घेतला. "तुम्ही लय चांगले मानूस हाव, साहेब. मले बरं वाटावं म्हून खोटं बोलून राह्यले." मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ते ऐकून घेत होते, लहान मुलाचं ऐकावं तसे. शेवटी म्हणाले, "पाच वर्षं मी तुमच्या तोंडून आकडा आयकला. एकबी खोटा नाई निघाला. आता काऊन खोटं बोलता?"

दोन हिवाळ्यांनंतर ते गेले. त्या सकाळचं किमान तापमान नऊ होतं, मस्का काढण्याचा दिवस. ते माझ्या रजिस्टरात आहे, रोजचं आहे, एकही रकाना कोरा नाही. फक्त त्या बर्फाच्या पेटीतलं पंचवीस मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.