दार उघडण्याची रीत

दिनांक ९ ऑक्टोबर. जुनी सायकल, एक नग, तेराशे पन्नास रुपये.

माझ्या साडूंच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वहीत ही नोंद मीच केली, त्याला आता सात वर्षं झाली. त्यांचा हिशेब मी दर रविवारी सकाळी लिहून देतो. सायकल कोणत्या खात्यावर टाकायची, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पाटी-खडूचं जे खातं असेल त्यावर.” आमच्याकडे तसं खातं नव्हतं. मी ‘शिक्षण साहित्य’ असं नवं पान उघडलं. त्या पानावर आजपर्यंत ही एकच वस्तू आहे.

साडूंना सगळे मास्तर म्हणतात, माझी मेहुणीसुद्धा. त्यांच्याकडे गाडी एकच. डाव्या बाजूला मास्तरांसाठी जादा ब्रेक बसवलेला. सायकल आल्यापासून त्यांचा नियम असा, की गाडीचं चाक हातात घेण्याआधी प्रत्येकाने बाजाररस्त्यावरून सायकलच्या तीन फेऱ्या मारायच्या. त्याच वेळी दुसरा शिकाऊ गाडी घेऊन त्याला ओलांडून जाणार, शेजारी मास्तर. मग अदलाबदल.

एक फरशीचे व्यापारी शिकायला आले होते. वजनदार गृहस्थ. त्यांनी सायकल बघितली आणि म्हणाले, “मास्तर, मी पैसे चारचाकीचे भरलेत.”

“चारचाकीच शिकवणार आहे. पण तिच्यात बसल्यावर दोन चाकं दिसेनाशी होतात, म्हणून आधी ही.”

व्यापारी तिसऱ्या फेरीनंतर घामाघूम होऊन परतले. पाय टेकायच्या आधीच त्यांनी गाडीत डोकावून विचारलं, “कोण चालवत होतं ही? माझ्या कोपराला आरसा घासला असता.”

“तुमच्यासारखेच एक शिकाऊ,” मास्तर म्हणाले. “पुढच्या फेरीला तुम्ही.”

किती अंतर सोडायचं, हे मास्तर मीटरमध्ये सांगत नसत. ते म्हणत, “सायकलवाला पडला तर आडवा पडतो. तो आडवा मावेल एवढी जागा सोडा. नसेल तर मागे थांबा. चहा काही पळून जात नाही.”

दुसरी रीत दाराची. गाडी रस्त्याच्या कडेला लावली की दाराजवळच्या हाताने दार उघडायचं नाही, लांबच्या हाताने उघडायचं. लांबचा हात दाराकडे नेताना अंग वळतं, अंगाबरोबर मान वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणून त्याने डावा हात वापरायचा. शिकाऊ विसरला की मास्तर त्याला पुन्हा आत बसवत. काहींना पाच-पाच वेळा बसवलं आहे. मास्तर स्वतः डावीकडे बसत, त्यांचं दार डावीकडे, म्हणून ते नेमाने उजव्या हाताने उघडत. दुसऱ्याला सांगायचं आणि आपण करायचं नाही, हे त्यांना जमत नसे. अशी त्यांची एकोणीस वर्षं गेली. घरी जाताना ते स्वतःच्या सायकलने जात. गाडी गॅरेजात राही आणि सकाळी ती बाहेर काढायलाही एखादा शिकाऊच असे.

गेल्या वर्षी जूनच्या एका मंगळवारी गाडीचा क्लच दुरुस्त होऊन आला. मेकॅनिककडून मास्तर एकटेच गाडी घेऊन निघाले. वाटेत स्टेशनरीच्या दुकानासमोर थांबले, फॉर्म घ्यायचे होते. गाडी बंद केली, दार उघडलं, आणि त्या दारावर एक सायकल आदळली.

सायकलवर एक शिंपीणबाई होत्या. चाळिशीच्या, गिऱ्हाइकांचे कपडे दुरुस्त करून घरोघर पोचवणाऱ्या. त्या रस्त्यावर पडल्या, पिशवीतले कपडे बाहेर आले. मास्तरांनी त्यांना उठवलं, गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डावं मनगट मोडलं होतं. तिथे बाई स्वतःच म्हणाल्या, “दार उघडंच होतं, माझं लक्ष नव्हतं.” डॉक्टरांनी तसं लिहिलं. मास्तर बाजूला उभे होते. त्यांनी काही सांगितलं नाही.

रविवारी मी वही घेऊन बसलो तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मेहुणी दारात उभी होती.

“दार उघडं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “मी त्यांच्या अंगावर उघडलं.”

“कुणी बघितलं?” मी विचारलं.

“कुणी नाही.”

“मग बाई स्वतः म्हणतात, कागद तसं म्हणतो. तुम्ही का उकरून काढताय?”

“परवान्याचा फॉर्म भरायचाय पुढच्या महिन्यात.”

तो फॉर्म मला ठाऊक होता. दर तीन वर्षांनी मीच तो भरून देतो. त्यात सातवा प्रश्न असा: आपल्या हातून अपघात झाला आहे का? ‘होय’ लिहिलं तर चौकशी, आणि शिकवण्याचा परवाना काही महिने बंद, कदाचित कायमचा. मास्तर त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांना दुसरं काही येत नाही.

“‘नाही’ लिहा,” मी म्हणालो. “खोटंही होत नाही. दवाखान्याचा कागद आहे.”

“साडूभाऊ, तुम्ही हिशेब असाच लिहिता का?”

मेहुणी म्हणाली, “मला एवढंच सांगा, जगाला पाच-पाच वेळा आत बसवणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं कसं?”

मास्तरांनाही तेच कळत नव्हतं. पुढचे तीन-चार दिवस शिकवणी संपली की ते गॅरेजात गाडीत जाऊन बसत. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मेहुणीने मला फोन केला, “गॅरेजात या आणि बघा तुमच्या साडूंना. खेळण्यातल्या गाडीत बसल्यासारखे बसतात, उतरतात, पुन्हा बसतात.”

मी गेलो. त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं. “माझ्या हाताकडे बघा,” म्हणाले. डावीकडे बसून त्यांनी दार उघडलं. उजवा हात पुढे आला, अंग वळलं, मान वळली. मग ते उजवीकडे जाऊन बसले. मला म्हणाले, “काहीतरी बोलत राहा.” मी नोकरी करतो त्या कंपनीतल्या लेखापरीक्षणाचं काही सांगू लागलो. मध्येच त्यांनी दार उघडलं. पुन्हा उजवा हात. पण या बाजूला उजवा हात दाराजवळचाच. अंग वळलं नाही, मान वळली नाही.

“एकोणीस वर्षं,” ते म्हणाले. “हाताला मी ‘लांबचा’ शिकवलाच नव्हता. ‘उजवा’ शिकवला होता.”

त्याच संध्याकाळी ते बाईंकडे निघाले. मी बरोबर गेलो, ते काय बोलून बसतील याची मला धास्ती होती. तळमजल्यावर एका खोलीत दोन मशीनं, भिंतीला टांगलेले कपडे, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली. बाई एका हाताने टाके उसवत होत्या. नवरा खुर्चीवर बसला होता.

मास्तरांनी उभ्याउभ्या सांगितलं. “बाई, दार उघडं नव्हतं. तुम्ही जवळ आलात आणि मी उघडलं. मागे बघितलं नाही. तुमची काही चूक नव्हती.”

बाईंनी कात्री खाली ठेवली.

“दहा दिवस झाले,” त्या म्हणाल्या. “दहा दिवस मी घरात बोलणी खातेय. डोळे कुठे होते, या वयात सायकल कशाला हवी. ह्यांनी सायकल विकायला काढलीय. परवा गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं.”

नवरा म्हणाला, “मला काय माहीत? तूच म्हणालीस लक्ष नव्हतं.”

“मला तसंच वाटलं ना. एवढा मोठा माणूस समोर उभा, ड्रायव्हिंग शिकवणारा. मला वाटलं, चुकणार ती मीच.” मग मास्तरांकडे वळून, “तुम्हाला त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?”

“धीर झाला नाही.”

“आणि आज झाला?”

“आजही नाही. पण आलो.”

बाईंनी आम्हाला बसा म्हटलं नाही. निघताना नवऱ्याला मात्र म्हणाल्या, “त्या गिऱ्हाइकाला कळवा, सायकल विकायची नाही.”

फॉर्म मी भरला. सातव्या प्रश्नापुढे मास्तरांनी स्वतःच्या हाताने ‘होय’ लिहिलं आणि खाली चार ओळी, कसं झालं त्याच्या. परवाना कार्यालयातल्या कारकुनाने त्या दोनदा वाचल्या.

“मास्तर, हे लिहायची काही गरज नव्हती. इथे सगळे ‘नाही’च लिहितात.”

“मग तुम्हाला वाचायला सोपं जात असेल,” मास्तर म्हणाले.

चौकशी झाली. बाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी घडलं तेवढंच सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. परवाना तीन महिने बंद झाला. कायमचा गेला नाही. गाडीवर कापड पडलं. मास्तर रोज सकाळी गॅरेज उघडून ती पुसत आणि परत झाकत. घर मेहुणीच्या पगारावर चाललं. तिने त्या तीन महिन्यांत दाराचा विषय एकदाही काढला नाही. तिच्या मानाने हे फार झालं.

शिकवणी पुन्हा सुरू झाली तेव्हा मास्तरांनी रीत थोडी बदलली. आता पहिल्या दिवशी शिकाऊला गाडीच्या चारही जागांवर बसवतात आणि प्रत्येक जागेवरून दार उघडायला लावतात. हाताचं नाव घ्यायचं नाही. दार उघडण्याआधी मागे काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं. “रिक्षा, मग मोकळं,” असं. मास्तरही आपल्या जागेवरून सांगतात. येणारे-जाणारे बघत राहतात.

बाईंचं मनगट जुळलं. त्या बाजाररस्त्यावरून सायकलने जातात. उभ्या गाड्यांपासून एका दाराचं अंतर सोडून, जवळजवळ रस्त्याच्या मधून. परवा मी मागच्या सीटवर होतो, मला बँकेत जायचं होतं. चालवणारा मुलगा अडकला होता.

“मास्तर, बाई बाजूला होत नाहीयेत. हॉर्न देऊ?”

“नको. त्यांनी बाजूला होऊ नये.”

आम्ही चौकापर्यंत त्यांच्या मागे मागे गेलो. चौकात त्यांनी हात दाखवून वळण घेतलं. मास्तरांना त्या ओळखतात, पण बोलत नाहीत.

परवाना बंद झाला त्या दिवशी सहा जण शिकत होते. ज्यांचे धडे राहिले त्यांचे पैसे परत करायचे असं मास्तरांनी ठरवलं आणि मी यादी केली. पाच जणांना दिले. सहावी एक नर्स होती, तिची दुसऱ्या गावी बदली झाली आणि तिचा फोन लागत नाही. तिचे चार धडे राहिले होते. तिचे तीनशे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.